एक झाकण दर टाकीला

रमणकाकांना कामावरून काढलं ते सोमवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. तलासरीत, शाळेच्या गेटवर, पालकांच्या घोळक्यासमोर. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण उशिरा आलेल्या मुलांची वेळ शिपाई वहीत लिहितो आणि त्या दिवशी अकरा नावांपुढे तोच आकडा आहे. ती अकरा मुलं रमणकाकांच्याच व्हॅनमधली. व्हॅन उधव्याच्या रस्त्यात बंद पडली तेव्हा काकांनी गवताचा टेम्पो थांबवला, पोरांना हौद्यात बसवलं, स्वतः मागच्या फळीला आडवे उभे राहिले आणि सगळी सुखरूप शाळेत पोचवली. गेटवर मालक उभे होते. ते म्हणाले, "पेट्रोलमध्ये भेसळ करतोस? उद्यापासून यायचं नाही."

रमणकाका उधव्याचे. नऊ वर्षं शाळेची व्हॅन चालवतात. एकही अपघात नाही.

सात सीटच्या गाडीत अकरा मुलं कशी, असं तुम्ही विचाराल. बरोबर विचाराल. त्याच्यावर वेगळं लिहिणार आहे. आज भेसळीबद्दल.

मी डहाणूत एका गॅरेजमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. म्हणजे गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांच्यामधली बाई. गाडीचं दुखणं ऐकायचं, ते जॉबकार्डवर लिहायचं, दुरुस्ती झाली की काय सापडलं तेही लिहायचं. जॉबकार्ड म्हणजे गाडीचा केसपेपर. संध्याकाळी आणि रविवारी मी वाहनचालकांच्या एका छोट्या संघटनेचं काम करते. मुख्य काम पत्रकं लिहिणं. जोरात लिहिते, असं लोक म्हणतात.

त्या सोमवारी दुपारी व्हॅन टो होऊन आमच्याकडे आली. टोच्या केबिनमधून मालक उतरले, हसमुखभाई. तलासरी भागात त्यांच्या पाच व्हॅन आहेत, पाचही शाळेला लावलेल्या, पाचही आमच्याकडे सर्व्हिसला येतात. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"बेन, लिहा. ड्रायव्हरने पेट्रोलमध्ये टू-टी टाकलं. भेसळ. त्याच्याने गाडी मेली."

"भाई, अजून बॉनेट उघडलेलं नाही."

"बॉनेट कशाला उघडायचं? टाकीचा वास घ्या ना! आणि मला ते कागदावर पाहिजे, सही-शिक्क्याचं. शाळेच्या कमिटीला द्यायचंय. बुधवारी मीटिंग आहे त्यांची."

आता टू-टी म्हणजे काय ते सांगते. दोन स्ट्रोकचं इंजिन असतं, जुन्या स्कूटरचं, होडीच्या लहान मशीनचं. त्याच्या पोटात तेलाचा वेगळा साठा नसतो. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पेट्रोलबरोबर ते आत जातं, वंगण करतं आणि जळून जातं. ते तेल म्हणजे टू-टी. कारचं इंजिन चार स्ट्रोकचं. त्याचं तेल खाली स्वतःच्या कढईत असतं, पेट्रोलशी त्याचा संबंध नाही. कारच्या पेट्रोलमध्ये टू-टी टाकलं तर त्याला करण्यासारखं काम फारसं नसतं. जळायचं आणि काजळी सोडायची.

मग लोक का टाकतात? कारण पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, आणि "इथेनॉलने इंजिन सुकतं, थोडं टू-टी घाला" असे व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर आलेले आहेत. माझ्या मामाच्याही आलेत. जुन्या गाड्यांबद्दल शंका विचारणं चुकीचं नाही. पण ती गाडीच्या पुस्तकाला विचारायची की बाटलीला?

तर आमचे मेकॅनिक बारीदादा यांनी गाडी घेतली. बारीदादांना तीस वर्षं झाली या कामाला. त्यांनी आधी वास घेतला. म्हणाले, "आहे. टू-टी आहे." हसमुखभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू निकाल लागला.

"पण मेली कशाने ते अजून बघायचंय," बारीदादा म्हणाले आणि स्कॅनर लावला.

स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र. गाडी आपल्या तक्रारी लक्षात ठेवते, स्कॅनर त्या वाचून दाखवतो. तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे त्यात पेट्रोल जातंय पण पेटत नाही. कारण कॉइल गेलेली. कॉइल ही प्लगला ठिणगी देते. ठिणगी नाही, तर कच्चं पेट्रोल तसंच सायलेन्सरकडे जातं. सायलेन्सरच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखं जाळीचं एक भांडं असतं, विषारी वायू कमी करणारं. कन्व्हर्टर म्हणतात त्याला. कच्चं पेट्रोल त्या भांड्यात जाऊन पेटतं, भांडं लालबुंद होतं, जाळी वितळते. वाट बंद. गाडीचा श्वास कोंडतो. व्हॅन त्याने मेली होती.

"आणि टू-टी?" मी विचारलं.

"प्लग काळे केलेत त्याने. मिसिंग वाढवलं. राख जाळीत बसली असेल ती वेगळी. सहआरोपी म्हण. पण मुख्य आरोपी कॉइल."

स्कॅनरने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती वाचून माझं डोकं तापलं. डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा लागल्यापासून गाडी किती चालली, हेही कॉम्प्युटर मोजतो. दोन हजार एकशे चाळीस किलोमीटर. उधवा-वेवजी-तलासरीच्या फेऱ्या धरल्या तर दीड महिना. दीड महिना दिवा पेटलेला होता आणि गाडीत मुलं बसत होती.

मी मॅनेजर राऊतसरांच्या केबिनमध्ये गेले. हसमुखभाई तोवर निघून गेले होते.

"सर, भेसळ लिहायची नाही. दुर्लक्ष लिहायचं. मालकाचं."

"मालकाने दिवा बघितला होता, याचा पुरावा?"

"ड्रायव्हरने सांगितलं नसेल का?"

"ते तू ऐकलंस? आपण गाड्या दुरुस्त करतो, समाज नाही. पाच गाड्यांचं गिऱ्हाईक आहे. काय सापडलं ते लिही, आणि पेट्रोलमध्ये तेल सापडलं हे खरं आहे की नाही? मग लिही."

खरं होतं. तेच तर वाईट होतं. 'पेट्रोलमध्ये तेलाची भेसळ आढळली' एवढं एक वाक्य, अगदी खरं. ते कमिटीच्या टेबलावर गेलं की रमणकाकांना या भागात शाळेची गाडी परत कोणी देणार नव्हतं. मुलांची गाडी आणि भेसळ हे दोन शब्द एकदा शेजारी बसले की कोण पुढचं वाचतो?

मंगळवारी सकाळी रमणकाका स्वतः गॅरेजवर आले. उधव्याहून वडापच्या जीपने, दोनदा बदलून. मला वाटलं, भांडायला आले. मी तयारच होते, मला भांडण आवडतं.

"ताई, गाडीत एक कंपास राहिलाय का बघता? मागच्या सीटखाली. वेवजीच्या पोरीचा आहे. तिचा उद्या भूमितीचा पेपर."

"काका, तुम्हाला कामावरून काढलंय."

"हां. पण पेपर तिचा आहे ना."

कंपास मागच्या सीटखाली नव्हता. काका म्हणाले, समोरच्या कप्प्यात ठेवला असेल मी. मी कप्पा उघडला. कंपास होता. त्याच्याखाली गाडीचं पुस्तक, प्लास्टिकसुद्धा न फाडलेलं. टू-टीच्या दोन बाटल्या, एक रिकामी, एक अर्धी. आणि घडी घातलेला एक गुलाबी कागद.

गुलाबी कागद मी लांबूनच ओळखला. आमच्या संघटनेचं पत्रक. मी लिहिलेलं.

ते पत्रक का काढलं होतं ते सांगावं लागेल. आगर गावच्या दोन भावांच्या होडीचं मशीन भर समुद्रात जाम झालं होतं. त्यांनी डब्यातलं सुटं तेल वापरलेलं, नाव नाही, प्रत नाही. वल्ही मारत किनाऱ्याला यायला त्यांना अर्धा दिवस लागला. मी चिडले. रात्रभर नाही, पण एका दुपारी बसून पत्रक लिहिलं. वर ठळक अक्षरात: 'शिक्का नाही, तर तेल नाही!' खाली: 'बाटलीवर प्रमाणपत्राची खूण बघा. सुटं तेल इंजिनाचा काळ. शिक्क्याचं तेल, निर्धास्त इंजिन.' डहाणू स्टेशनबाहेर, बंदरावर, रिक्षास्टँडवर वाटलं. लोकांनी कौतुक केलं. होडीचा शब्द मी शेवटच्या क्षणी काढला होता. म्हटलं, सगळ्यांनाच लागू पडू दे.

रमणकाकांनी कागदातल्या 'निर्धास्त' या शब्दाखाली पेनाने रेघ मारलेली होती.

"हे कुठे मिळालं?"

"स्टेशनला. एक पोरगी वाटत होती." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हीच ना?"

"मीच. तेल टाकायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"दिवा लागला, गाडी झटके मारायला लागली. शेठला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, बघू. तिसऱ्यांदा बाटलीच दिली. व्हिडिओ दाखवला. दर टाकीला एक झाकण टाक, म्हणाले. पण ती बाटली साधी होती, मागे काही खूण नव्हती. मग तुमचा कागद मिळाला. मी ती बाटली दिली फेकून आणि स्वतःच्या पैशाने ही आणली. ही बघा, शिक्क्याची."

त्यांनी बाटली उलटी करून दाखवली. मागे छोटा चौकोन, त्यात दोन इंग्रजी अक्षरं. खरा शिक्का, चांगल्या प्रतीचा.

"आणि शिक्क्याचं निर्धास्त, म्हणून मग एकाची दोन झाकणं केली. पोरं असतात गाडीत. चांगलं तेल जास्त गेलेलं बरं ना?"

मी बाटली हातात घेऊन तो चौकोन पुन्हा पाहिला.

बारीदादा गाडीखालून ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी हात पुसले. "रमणभाई, हा शिक्का खोटा नाही. पण तो कशाचा आहे? टू-स्ट्रोकच्या इंजिनात हे तेल घातलं तर धूर किती येतो, काजळी किती धरते, घासणं किती वाचतं, याची ती परीक्षा. त्यात हे तेल पास. तुमच्या व्हॅनसाठी त्याची परीक्षा कोणी घेतलीच नाही. पोहण्यात मेडल मिळालेल्याला आपण ताडावर चढवतो का?"

"पण कागदावर तसं लिहिलेलं नाही," रमणकाका म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. त्यांनी फक्त जे होतं ते सांगितलं.

"नाही लिहिलेलं," मी म्हणाले.

प्रमाणपत्राला अर्थ आहे का, असं मला नंतर खूप जणांनी विचारलं. आहे. आगरच्या भावांना होता. त्यांच्या मशीनला तेल लागतंच, मग ते कोणतं हा प्रश्न येतो, आणि तिथे शिक्का माणूस वाचवतो. कारच्या इंजिनालाही आहे, पण त्याच्या स्वतःच्या तेलाचा, कढईतल्या. त्याची खूण आणि प्रत गाडीच्या पुस्तकात लिहिलेली असते. कारच्या पेट्रोलमध्ये टाकायच्या टू-टीला मात्र शिक्का असला काय, नसला काय, प्रश्नच चुकीचा. दोन झाकणांनी गाडी एका रात्रीत मरत नाही, हेही खरं. नुकसान वेगळंच झालं. झाकण टाकलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. आणि दिवा पेटलेलाच राहतो.

बुधवारी सकाळी हसमुखभाई कागद न्यायला आले. राऊतसरांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं: सर, मी, बारीदादा, हसमुखभाई. मी भाषण तयार करून आले होते. मालकशाही, मुलांचा जीव, कष्टकरी, सगळं होतं त्यात.

"बेन, झालं लिहून?"

"भाई, काका म्हणतात तेल तुम्ही टाकायला सांगितलं."

"तो काहीपण बोलेल! नोकरी गेली त्याची. मी कशाला सांगू?"

मी तोंड उघडलं. बारीदादांनी खुणेने थांबवलं आणि खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत पांढऱ्या कागदाचा बोटभर तुकडा, कडेला पिवळी पडलेली चिकटपट्टी. काल टाकी रिकामी करताना त्यांना पेट्रोलच्या झाकणाच्या दाराआड चिकटवलेला सापडला होता. त्यावर गुजरातीत हाताने एक ओळ. बारीदादा उंबरगावला गुजराती शाळेत शिकलेले. त्यांनी आवाज न चढवता वाचलं.

"दर टाकीला एक झाकण."

रमणकाकांना गुजराती बोलता येतं. लिहिता येत नाही. हे केबिनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. हसमुखभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कबूल केलं नाही. मला वाटलं आता हाणावं.

पण माझ्या हातात तो गुलाबी कागद होता. मी तो टेबलावर ठेवला.

"हे मी लिहिलंय. हे वाचून काकांनी एका झाकणाची दोन झाकणं केली. तेवढा दोष माझा. जॉबकार्डवर तसं लिहिणार आहे."

राऊतसर खुर्चीत ताठ झाले. "जॉबकार्डवर? असं कोण लिहितं?"

"मी."

हसमुखभाईंनी पत्रक उचललं. 'निर्धास्त' खालची रेघ त्यांनी बराच वेळ पाहिली. मग पिशवीतला कागद जवळ ओढला.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "व्हिडिओत इतका शिकलेला माणूस बोलत होता. मी पाचही गाड्यांत चिकटवलंय. रमण दिव्याचं सांगत होता, पण गॅरेजला दिली तर गाडी एक दिवस उभी. शाळेला सांगायचं काय? आणि परवा गेटवर त्या आया माझ्याकडे बघत होत्या ना, बेन… कोणाचं तरी नाव घ्यायलाच पाहिजे होतं. तो समोर होता."

भाषण मी गिळलं. एवढा मोठा माणूस, आयांना घाबरलेला. खरं तर आयांना घाबरलंच पाहिजे. फक्त ते घाबरणं त्यांनी ड्रायव्हरच्या डोक्यावर ठेवलं.

जॉबकार्डवर मी लिहिलं: तीन नंबरची कॉइल निकामी. त्यामुळे मिसिंग, त्यामुळे कन्व्हर्टर वितळला. इशाऱ्याचा दिवा लागल्यावर गाडी दोन हजार एकशे चाळीस किलोमीटर चालवली. चालकाने मालकाला तीनदा कळवलं. पेट्रोलमध्ये टू-टी तेल मालकाच्या सूचनेवरून टाकलं. प्रमाण वाढलं ते वाहनचालक संघटनेच्या पत्रकातल्या अपुऱ्या माहितीमुळे. तेलाने बिघाड वाढवला, सुरू केला नाही. खाली माझी सही. बारीदादांची सही. राऊतसरांनी दोनदा वाचलं, "वेड्यांचा बाजार" असं पुटपुटले आणि शिक्का मारला. कमिटीला आता हाच कागद जाणार होता.

हसमुखभाईंनी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. "रमण, उद्यापासून ये."

पलीकडे कोंबडा आरवला. मग रमणकाका म्हणाले, "नाही शेठ."

"का? आता काय?"

"काढलं गेटवर. सगळ्यांसमोर. घ्यायचं तर तिथेच घ्या."

बारीदादा छताकडे बघून हसले.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून तलासरीला गेले. शाळेच्या गेटवर आया होत्या, दोन शिक्षक होते, वहीवाला शिपाई होता. नऊ चाळीसला हसमुखभाई पुढे आले. आवाज बसलेला. म्हणाले, "सोमवारी मी रमणला भेसळवाला बोललो. भेसळ त्याने केली नाही. तेल मी टाकायला लावलं होतं. त्याने मला तीनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." मग मराठी संपली म्हणून की काय, गुजरातीत दोन शब्द बोलले आणि हात जोडले.

एक आई म्हणाली, "मग आता गाडी नीट आहे का?"

"पाचही गॅरेजला पाठवतो. एकेक करून. तेवढे दिवस एक गाडी कमी येईल."

"येऊ द्या कमी," दुसरी म्हणाली. "आम्ही चालत सोडू."

रमणकाकांनी बदली गाडीची काच फडक्याने पुसली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. वेवजीच्या त्या मुलीने मला सांगितलं, भूमितीचा पेपर बरा गेला.

मी नवं पत्रक काढलंय. कागद या वेळी पांढरा, अक्षर लहान, मजकूर जास्त. 'निर्धास्त' हा शब्द नाही. होडीसाठी काय आणि कारसाठी काय, हे वेगवेगळं लिहिलंय. पहिला मसुदा मी रमणकाकांना वाचायला दिला. त्यांनी तीन ठिकाणी रेघ मारली आणि म्हणाले, "हे कळलं नाही." तिन्ही ठिकाणं मी परत लिहिली. ठळक अक्षरात लिहिलेलं लोक खरोखर पाळतात, हे पत्रक लिहिणाऱ्याने आधीच धरून चालायला हवं. मला ते एका व्हॅनने शिकवलं.

आता तुम्ही. हे वाचून झालं की उठा आणि तुमच्या गाडीचा समोरचा कप्पा उघडा. टू-टीची बाटली असेल तर काढा आणि ज्याच्याकडे होडी आहे त्याला द्या. गाडीचं पुस्तक प्लास्टिकमधून बाहेर काढा. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला असेल तर उद्या गाडी गॅरेजला न्या. आणि तुमची गाडी दुसरं कोणी चालवत असेल, तर आज त्याला विचारा, "तू मला काही सांगितलं होतंस का, जे मी ऐकलं नाही?" विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.